आमटीतले तीळ

ती घटना आठवली की अजूनही माझी मान खाली जाते. बीड जिल्ह्यातल्या एका ठाण्यात मी नवी फौजदार होते. अधिक महिना चालू होता, गावोगावी जावयांना धोंडे जेवायला बोलावत होते. दुपारी एका जावयाच्या भावाचा फोन आला.

"सासूनं विष घातलंय. त्यांच्या पोरीला आता नांदवायचं न्हाई."

दवाखान्यात जावयाचे ओठ सुजले होते, मानेवर लाल गांधी उठल्या होत्या, श्वासाला घरघर होती. मी ते पाहताच ओळखलं. लहानपणी काजू खाल्ल्यावर माझंही असंच व्हायचं. मी बरोबरच्या हवालदारांना हळूच म्हटलं, "अ‍ॅलर्जी असेल."

"मॅडम, ही इंग्लिश शाळेतली दुखणी. हितं लोक दगड बी पचवतेत."

शिपाई हसले. तपास माझ्याकडे होता, तरी मी गप्प बसले.

पंचांसमोर आमटीचं पातेलं सील झालं. भरल्या गल्लीतून सासूला जीपमध्ये बसवलं. हवालदारांनी चार तास चौकशी केली.

"बाई, कावून घातलं?"

"माझ्या लेकीचं कुंकू हाय ते, साहेब. मी कावून घालीन? तीच आमटी आमी समद्यांनी खाल्ली."

हे मी लिहून घेतलं. चौकशी थांबवली नाही.

संध्याकाळी जावयाची आई जबाबाला आली. तेव्हा कुठे मी विचारलं, लहानपणी याचं तोंड कशानं सुजायचं का?

"तिळानं सुजायचं की. संक्रांतीला लई जपावं लागायचं. आता मोठा झालाय."

सासूला विचारलं, तर आमटीच्या वाटणात भाजलेले तीळ होते. इंजेक्शननं सावरलेला जावई म्हणाला, "सासरवाडीत जावई इचारतो का, कशात काय घातलंय?"

डॉक्टरांनी समजावलं. अशा माणसाचं शरीर तिळालाच धोका समजून त्यावर तुटून पडतं. घसा सुजतो, रक्तदाब कोसळतो. लहानपणी ओठांवर भागलं म्हणून पुढेही तेवढ्यावर भागेल, असा भरवसा नसतो.

सासूला सोडताना मी म्हटलं, "तुमचा दोष नाही, तशी नोंद केलीय."

"नोंद गाव वाचतंय व्हय, मॅडम? मला नेताना समद्यांनी बगितलं."

ठाण्याची जीप दारातच उभी होती. तिच्याबरोबर त्या गल्लीत उतरून चार वाक्यं बोलायची होती. चारचौघांत बोलायचं म्हणून मी कचरले. शिपायाला सांगून तिला भाड्याच्या वडाप जीपमध्ये बसवून दिलं.

आता मी नोकरीत नाही. गप्प राहणं हा माझा स्वभाव, असं मी तोवर समजत होते. अंगावर वर्दी असली की त्याची शिक्षा दुसऱ्याला होते, हे त्या दिवशी कळलं. तिच्या लेकीला सासरी नेलं की नाही, हे विचारायचंही धाडस मला झालं नाही.