एक सूत राखून

असल्या गोष्टी सांगणाऱ्यांची मी जन्मभर टिंगल केली, हे आधीच कबूल करते. मॅट्रिकला शास्त्रात वर्गात पहिली आले आणि मला शिंगंच फुटली... मावशीच्या अंगात यायचं तेव्हा मी शेजारी बसून तिची नाडी मोजायचे आणि आकडा मोठ्यानं सांगायचे. इतकी आगाऊ कार्टी मी नंतर पाहिली नाही. म्हणून हे लिहिताना सगळ्यात जास्त हसू मलाच येतंय.

मी तिसगावची, सुताराची लेक. वय बहात्तर. राहते मुलाकडे, नागापूरला. सुनील तिथंच एमआयडीसीत सीएनसी मशीन चालवतो. माझा उजवा गुडघा पार झिजलेला — हाडावर हाड. घरात भिंत धरून फिरायचे, पण एसटीची पहिली पायरी म्हणजे कळसूबाई झाली होती. मागच्या खेपेला धाकट्या बहिणीकडे तिसगावला निघाले, तर कंडक्टर आणि एका पैलवानानं मिळून मला कांद्याच्या गोणीसारखं वर घेतलं. गोणीला निदान लाज नसते. त्यानंतर दीड वर्ष मी तिसगाव पाहिलं नाही. सुनील गाडी करून देतो म्हणायचा. मला गाडी नको होती, माझं मला चढायचं होतं.

शेवटी नगरच्या एका हॉस्पिटलात रोबोटच्या मदतीनं गुडघा बदलायचं ठरलं. डॉक्टर माझ्या नातवाच्या वयाचे. सीटी स्कॅनवरून माझ्या हाडाचा नकाशा काढून त्यांनी स्क्रीनवर फिरवून दाखवला. म्हणाले, आजी, हा प्लॅन फक्त तुमच्याच गुडघ्याचा, दुसऱ्या कुणाला चालायचा नाही. जन्मभर थोरल्या बहिणीची झंपरं घातलेली मी... मापानं बेतलेलं पहिलं काही मिळालं ते हे! हाड कापायचा हात रोबोटचा, त्याला धरणारा हात डॉक्टरांचा. आखलेल्या हद्दीबाहेर यंत्र जातच नाही. फक्त माप चुकून गुडघा सैल राहिला तर पायरीवर पाय लटपटेल, हेही त्यांनी सांगितलं. माझा जीव त्या ‘तर’मध्येच अडकला.

इथं आमच्या अण्णांबद्दल, म्हणजे माझ्या वडिलांबद्दल सांगायला हवं. अण्णा करवत लावण्याआधी बोटाच्या पेरानं लाकडावर दोनदा टकटक करायचे, कान लावायचे आणि रेघेच्या बाहेर एक सूत राखून कापायचे. सूत म्हणजे सुताराचं माप, इंचाचा आठवा भाग. एकदा ते बाजाराला गेलेले असताना मी शेजारच्या काकूंच्या चौकटीचं लाकूड बरोबर रेघेवर कापलं. रेघ असताना जास्तीचं कशाला? शास्त्रात पहिली ना मी! करवतीनं आपली जाडी खाल्ली आणि चौकट आखूड पडली. अण्णा रागावले नाहीत. पाचर मारताना एवढंच म्हणाले, “एक सूत राखावं, कुसे. काढल्यालं परत लागत न्हाई.”

ऑपरेशन सकाळी अकराला. कमरेत इंजेक्शन दिलेलं, समोर हिरवा पडदा. गुंगी होती, पण कान जागे होते. यंत्राची घरघर चालू होती... आणि मधेच टक, टक. लाकडावर पेर वाजावं तसं. अगदी कानाशी अण्णांचा आवाज आला, “एक सूत राख, कुसे.” त्याच क्षणी डॉक्टर म्हणाले, “थांबा.” घरघर बंद झाली.

गुंगीत माणूस काहीही ऐकतं, हे मला तुमच्याआधी सुचलं. म्हणून दुसऱ्या दिवशी डॉक्टर आले तेव्हा मी काही न सांगता फक्त विचारलं, की मधे का थांबलात? ते म्हणाले, “कुणीतरी टकटक केली, आजी. म्हणून थांबलो. मग सांधा धरून ठेवणारे बंध पुन्हा तपासले, तर अंदाजापेक्षा सैल होते. प्लॅनएवढं कापलं असतं तर गुडघा ढिला राहिला असता. कमी कापलं.”

“किती कमी?” शेजारी बसलेल्या सुनीलनं विचारलं.

“तीन मिलिमीटर.”

सुनील माझ्याकडे वळला. आजोबांच्या हाताखाली त्याच्या सुट्ट्या गेल्यात. हळूच म्हणाला, “आई... एक सूत.”

मग मी सगळं सांगितलं. डॉक्टरांनी आत असलेल्या प्रत्येकाला विचारून पाहिलं. टकटक कुणीच केली नव्हती. जाता जाता दारात थांबून म्हणाले, “एक मात्र आहे, आजी. आवाज लाकडाचा होता. आणि आमच्या ऑपरेशन थिएटरात लाकूड नाहीच.”

दोन महिन्यांनी मी एसटी स्टँडवर उभी. कंडक्टर तोच! हात पुढे करत म्हणाला, “या आजी, धरा.” म्हटलं, “हात तिकिटाला राहू दे तुझा.” उजवा पाय टाकला आणि वर गेले... लटपट नाही, कळ नाही. खिडकीची जागाही पटकावली.

तिसगावला बहिणीकडे जाण्याआधी काकूंच्या घरी थांबले. काकू कधीच गेल्या. त्यांची सून भाजी निवडत बसली होती. चौकट तशीच आहे, अण्णांची पाचरही. तिच्यावर पेरानं दोनदा वाजवलं. आवाज तोच.

योगायोग म्हणा, गुंगी म्हणा. पण मग डॉक्टरांना कुणी गुंगी दिली होती? मला अजून उत्तर सापडलेलं नाही. तुमच्यापैकी कुणी शास्त्रात पहिलं आलं असेल तर जरूर समजावून सांगा — फक्त एक सूत राखून.