सुभेदारांच्या गाडीतली चंदेरी पट्टी

सकाळचे सव्वानऊ. कराडजवळचं मलकापूर, हायवेच्या सर्व्हिस रोडला लागून असलेली संपत पेंटरची पत्र्याची शेड.

मी वर्तमानपत्रात उभा जन्म काढला. मोठ्यामोठ्यांना जाब विचारले, त्यांची उत्तरं आज मला आठवत नाहीत. पण संपतच्या शेडमध्ये स्टुलावर बसून ऐकलेलं एकही वाक्य विसरलेलो नाही. तिथं किस्से साठतात, आणि ते कुणी छापत नाही. याचा मला राग आहे, म्हणून मीच लिहितोय.

त्या सकाळी सुभेदार खाडे आपली लाल गाडी घेऊन आले. मूळचे वडूजकडचे, आता साताऱ्यात स्थायिक, आर्मीतून रिटायर. गाडी सेकंडहँड स्पोर्ट्स कार, दोनच दारं, दोनच सीटा, आणि इतकी बुटकी की सुभेदारांना बाहेर काढायला दोन माणसं लागतात.

संपतनं आत डोकं घातलं. गिअरभोवतीची चंदेरी पट्टी ठिकठिकाणी काळी पडली होती.

"ह्ये कुणी घासलं?"

"मी. रोज सकाळी. बक्कल चमकवायच्या पॉलिशनं."

"आवं सुभेदार, ते प्लॅस्टिक हाय!"

"मग चमकत का हुतं?"

"वरनं रंग हुता म्हणून. दोन महिन्यांत तुमी त्याला पेन्शनीत काढला!"

प्लॅस्टिकला चांदीचा रंग फासून धातूचा आव आणणाऱ्या कंपन्यांना या देशात कुणी जाब विचारत नाही. असो.

सुभेदार मात्र हसले नाहीत. येत्या रविवारी सांगलीत त्यांच्या जुन्या पलटणीचा मेळावा होता. ज्यांची जीप त्यांनी सहा वर्षं चालवली, ते कर्नलसाहेब येणार होते. साहेब रोज सकाळी जीपमध्ये बोट फिरवून तपासणी करायचे. सहा वर्षांत एकदाही "शाबाश" म्हणाले नाहीत.

"यंदा त्यांला ह्या गाडीतनं फिरवणार," सुभेदार म्हणाले. "आतनं एक वरखडा दिसता कामा न्हाई, संपत."

*

गाडी घेतली ती सांगलीच्या एका डॉक्टरांकडून. जाहिरातीत लिहिलं होतं, "आतून नवीकोरी". व्यवहाराला मी मुद्दाम सोबत गेलो होतो, कारण सुभेदार सलाम ठोकून मोकळे होणार हे मला माहीत होतं.

ड्रायव्हरच्या बाजूच्या दारावर आतून ओरखडेच ओरखडे. मी बोट ठेवलं, "हे काय?"

"डिझाईन आहे ते," डॉक्टर शांतपणे म्हणाले.

"मग डाव्या दाराला का नाही?"

"तिकडे मिसेस बसतात. त्यांच्या बाजूला डिझाईन करायची आमची हिंमत नाही!"

सुभेदारांना उत्तर इतकं पटलं की त्यांनी तिथंच गाडी पसंत केली.

*

गाडी घरी आल्यावर वहिनींनी, म्हणजे सुभेदारांच्या बायकोनं, पूजा केली. नारळ बाहेर फोडला, ठीक. पण आत, डाव्या सीटसमोरच्या चंदेरी पट्टीवर त्यांनी तेलात कालवलेल्या कुंकवाचं स्वस्तिक काढलं. आठवड्यानं पुसायला गेल्या तर डाग हटेना. मग काथ्या घेतला, राख घेतली, आणि पदर खोचून पट्टी घासली.

शेडमधनं सुभेदारांनी घरी फोन लावून दिला तेव्हा संपतला हे कळलं, त्यानं कपाळाला हात लावला. "आवं वैनी, काथ्यानं?"

"पितळंची समई निगती रं त्यानं, ह्याला काय धाड भरली?"

लग्नाला चाळीस वर्षं झाली, पण नवराबायकोचं एखाद्या गोष्टीवर एकमत झालेलं मी पहिल्यांदाच पाहिलं.

*

संपत कामाला लागला. गिअरच्या, समोरच्या आणि दोन्ही दारांच्या पट्ट्या सोडवल्या, पाणी मारून बारीक पॉलिश पेपरनं घासल्या, रंगाआधीचा प्रायमर दिला. खरी पंचाईत रंगाची. चंदेरीत पन्नास प्रकार, आणि यातला नेमका कुठला हे गाडीवर कुठंच लिहिलेलं नाही. सुभेदारांनी पुण्याच्या शोरूमला फोन लावला. पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, "सर, नुसता रंग मिळत नाही. पूर्ण डॅशबोर्ड बदलावा लागेल."

मी फोन हिसकावला. "ओहो! शर्टाचं बटण तुटलं तर तुम्ही माणसाला अख्खा नवा सदरा शिवायला लावणार?"

"सॉरी सर, शर्ट आपल्याकडे नसतात."

मी फोन सुभेदारांच्या हातात परत दिला.

शेवटी संपतनं समोरच्या चहावाल्याचे पाच स्टीलचे पेले उन्हात ओळीनं मांडले, जुन्या पट्टीशी एकेक ताडून बघितला आणि तिसऱ्या पेल्यावर बोट ठेवलं. "ह्यो आपला रंग." डबे ओतून अर्ध्या तासात तसाच रंग काढला. चहावाला दिवसभर गिऱ्हाइकांना सांगत होता, "त्या गाडीत माझा पेला हाय!"

*

रंगवलेल्या पट्ट्या तारेला टांगल्या. संपतचा नियम एकच, दुसऱ्या दिवसापर्यंत हात लावायचा नाही. पण आपल्याकडं ओला रंग दिसला की वाळला का ते बोटानं बघितल्याशिवाय माणूस पुढं जात नाही. एका दुपारीत चार ठसे! पट्ट्या पुन्हा घासा, पुन्हा रंगवा.

दुसऱ्या वेळी संपतनं पुठ्ठ्यावर ठसठशीत अक्षरांत रंगवलं, "हात लावू नये", आणि तो पट्ट्यांशेजारी अडकवला.

संध्याकाळी पट्ट्या धड होत्या. पुठ्ठ्यावर मात्र पाच बोटं उमटली होती.

"कुणाची?" संपत ओरडला.

सुभेदारांनी हात मागं घेतला. "बोर्ड वाळलाय का बगत हुतो. लोकं हात लावत्यात, गड्या!"

*

शनिवारी काम पुरं झालं. रंगावर लॅकरचा पारदर्शक थरही मारला होता. पट्ट्या बसवल्यावर गाडी आतून अशी दिसत होती की डॉक्टरांची जाहिरात अखेर खरी ठरली. सुभेदार उजव्या सीटवर बराच वेळ हात मांडीवर ठेवून बसले होते. कशालाही शिवत नव्हते.

रविवारी वहिनी म्हणाल्या, "पाय पसरून बसायच्या गाडीत मी न्हाई येणार." म्हणून डाव्या सीटवर मी बसलो. सातारा ते सांगली सुभेदार दर खड्ड्याला पट्ट्यांकडं बघत होते.

मेळाव्यात कर्नलसाहेब आले. ऐंशीच्या पुढचे, हातात काठी, पण पाठ ताठ. मी उतरलो, ते बसले. दार लावायच्या आधी त्यांनी बोट काढलं. गिअरभोवती फिरवलं, समोरच्या पट्टीवर फिरवलं, डाव्या दारावर वरपासून खालपर्यंत फिरवलं. बोट डोळ्यांजवळ नेऊन बघितलं. सुभेदार उजवीकडं सावधानमध्ये उभे होते.

"शाबाश, खाडे," साहेब म्हणाले. "अंदर से बिलकुल नई है."

सुभेदारांनी सलाम ठोकला. मग साहेबांना घेऊन मैदानाला तीन फेऱ्या मारल्या. एक पुरली असती.

परतीच्या वाटेवर ते इतकं बोलले की कराड कधी आलं कळलं नाही. संपतला सांगायचंच म्हणून मलकापूरला थांबलो. शेड बंद होती, पण संपत शेजारीच राहतो, धावत आला. सगळं ऐकलं, खूश झाला, आणि आपलं काम बघायला म्हणून त्यानं डावं दार उघडलं.

"ह्यो कवा पडला?"

दाराच्या चंदेरी पट्टीवर, मुठीच्या खाली, चांगला चार बोटं लांब, नवा ओरखडा. लॅकर फाडून थेट काळ्या प्लॅस्टिकपर्यंत.

सुभेदार वाकून बघत राहिले. संपत माझ्याकडं बघत नव्हता, तेही मुद्दाम.

त्या दिवशी डाव्या सीटवर दोघंच बसले होते. कर्नलसाहेबांना विचारायची सुभेदारांची छाती नाही, आणि मला अजून कुणी विचारलेलं नाही.