मामांनी ठरवलेला पगार

बी.कॉम. झाले, वर कॉम्प्युटरचा कोर्स केला, तरी घरात माझी किंमत एकाच गोष्टीवर अडली होती. वडिलांनी स्पष्ट सांगितलं होतं, "दोन हजार मिळाले तर वर्षभर नोकरी कर, लग्नाचं नाव काढणार न्हाय. त्याच्या खाली असंल तर आलेल्या स्थळाला होय म्हणायचं. हजार-बाराशेसाठी पोरगी कारखान्यात धाडली म्हणून लोकांनी तोंडात शेण घालायला नको." नव्वदच्या दशकातली गोष्ट. उचगावात तेव्हा असल्या बोलण्याचं कुणाला नवल वाटायचं नाही. मला मात्र ते वर्ष हवं होतं. एक वर्ष तरी माझं मला जगायचं होतं.

कोल्हापुरात उद्यमनगरातल्या एका फौंड्रीत, ओतकामाच्या कारखान्यात, हिशेबाला माणूस हवा होता. माझ्या मामांचा टेम्पो तिथल्या मालाला लागायचा, म्हणून मामांनीच शब्द टाकला. आमच्याकडं नोकरीला एकटं कोण जातंय? बरोबर मोठं माणूस लागतं, आणि बोलायचं ते मोठ्या माणसानंच. मी वाटेत दहादा बजावलं, "मामा, दोन हजार म्हणायचं. कमी न्हाय." मामा म्हणाले, "व्हय गं बाई, कळलं की!"

मालकांनी चहा मागवला आणि मलाच विचारलं, "बाळ, पगाराची अपेक्षा काय?"

मी तोंड उघडायच्या आत मामा बोलले, "तिला काय विचारताय मालक! घरचीच पोरगी हाय. तुम्ही द्याल त्यात गोड."

झालं! आमच्या माणसांना मोठ्याच्या खुर्चीसमोर पैशाचं बोलणं म्हणजे भीक मागितल्यासारखं वाटतं. शिवाय टेम्पोचं रोजचं भाडं होतंच. तरी मी म्हणाले, "दोन हजार."

मालक मोठ्यानं हसले. "पावणं, भाची लईच तयार हाय की!" मामाही हसले. त्या हसण्याचा मला अजून राग येतो.

"बाराशे देतो," मालक म्हणाले. "वर्षात लगीन हुईल, मग कशाला पगार नि काय!"

"आधीच्या क्लार्कना बावीसशे होते," मी म्हणाले. हे मामांनीच मला घरी सांगितलं होतं.

"त्याला बायकापोरं होती बाळ. तुला कुणाला पोसायचंय?"

दोन हजार दिलेत तर माझं लग्न टळतंय, हे परक्या माणसाला कसं सांगू? मामा उठले, म्हणाले, "ठरलं मालक. सोमवारी येती."

घरी येताना मामांनी पेढे घेतले. वडिलांनी आकडा ऐकला आणि मान हलवली. "बसभाडं आणि डबा जाऊन राहतंय काय? जाऊ दे. पावण्यांना होय कळवतो." ते चिडले नाहीत, उलट सुटल्यासारखे दिसले.

मी मामांवर ओरडले, "मिठाची गुळणी धरून बसला असता तरी उपकार झाले असते!"

मामांना खरंच वाईट वाटलं. "मोठ्या माणसाला तोंडावर पैसं मागायचं म्हंजे कसं दिसतंय गं?" त्यांना काय चुकलं ते कळलंच नव्हतं. माझी जेवणावरची वासनाच गेली.

सोमवारी मी गेले नाही. पुढच्याच महिन्यात लग्नाच्या बोलण्याला नवऱ्याकडची मंडळी आली. मी आणि आई आत स्वयंपाकघरात. बाहेर लग्नाच्या हॉलचा खर्च कुणी करायचा, सोनं किती घालायचं, यावरून जुंपली होती. आणि आवाज सगळ्यात मोठा होता आमच्या मामांचा.

"न्हाय जमायचं पावणं! निम्मा खर्च तुमचा. बी.कॉम. झालेली पोरगी हाय आमची, कॉम्प्युटर येतोय तिला. असली पोरगी कोल्हापुरात शोधून दावा!"

चहा तीनदा गेला तरी मामा तसूभर हलले नाहीत. शेवटी पावणेच नमले.

मी ओट्याला धरून उभी होते. ह्या माणसाला घासाघीस येत होती. माझी किंमतही पाठ होती. मला रडूसुद्धा येईना, नुसतं मेल्यागत झालं.

"जमलं दाजी!" बाहेर मामा वडिलांना म्हणाले, मग आत बघून हाक मारली, "साखर आणा गं!"

आईनं माझा पदर सारखा केला आणि साखरेची वाटी माझ्याच हातात दिली.