साक्षगंध झालं आणि नोकरी गेली

मंदी हा टीव्हीवरच्या कोटवाल्या माणसांना होणारा काहीतरी आजार आहे, वर्ध्यापर्यंत तो येत नाही, असं मला परवापरवापर्यंत वाटायचं. हसू नका! त्याच भरवशावर मी, मीच जुळवलेल्या प्राजक्ता-अमोलच्या साक्षगंधात, म्हणजे साखरपुड्यात, माईक हातात घेऊन म्हणाले होते, "जावई कंपनीतला, अन् कंपनी फॉरेनची! आता काय टेन्शन?"

लग्नाचा हॉल बुक व्हायच्या आत त्या कंपनीनं पुण्यातलं ऑफिस गुंडाळलं. अमोल बॅग घेऊन घरी. प्राजक्ताचे बाबा माझ्याकडे असे बघायला लागले, जशी कंपनी मीच बंद केली! लग्न होणार की मोडणार, कोणीच सांगेना.

मी आणि सुनंदाताई वर्ध्याला लागूनच असलेल्या पिपरी मेघेत, माझ्याच घरी, दर रविवारी वधूवर मंडळ चालवतो. चहा आमचा, भांडणं त्यांची. किस्से फ्रिजवरच्या रिकाम्या डब्यांसारखे साचत जातात, टाकवत नाहीत.

*

कारंज्याचे एक काका आले. "जावई सरकारीच पाहिजे. चपराशी असला तरी चालन."

"काका, सरकारच्याच तिजोरीत खडखडाट आहे म्हणतात. भरती बंद आहे."

"मंग जुन्या भरतीतला दाखवा."

"जुन्या भरतीतले पन्नाशीचे झाले आता!"

काकांनी चहाचा एक घोट घेतला. मग म्हणाले, "तब्येत कशी आहे त्यांची?"

पोरगी कॉलेजातून आत्ता बाहेर पडलेली! मी त्यांच्यापुढचा चहाचा कप उचलून आत नेला.

*

हल्ली ज्या पोराची नोकरी जाते, त्याची आई सांगते, "वर्क फ्रॉम होम सुरू आहे." अमोलच्या आईनंही तेच सांगितलं.

सुनंदाताई रिटायर झालेल्या मास्तरीण. त्या म्हणाल्या, "सारेच घरून काम करून राह्यले, तं भरदुपारी ग्राउंडवर क्रिकेट कोण खेळून राह्यलं?"

*

समुद्रपूरचं एक जोडपं आम्हीच जुळवलेलं. त्याचं मोबाईलचं दुकान, आणि दुकानात गिऱ्हाईक नाही. तर म्हणे, कर्ज काढून एसी लावतो, मग गिऱ्हाईक येईल! भांडण आमच्या सोफ्यावर.

"काकू, हिले समजवा. अख्खा देश कर्ज काढूनच चालते!"

बायको म्हणाली, "देशाले सासू नाई. मले आहे!"

*

त्याच दिवशी टीव्हीवर एक साहेब सांगत होते, मंदी तात्पुरती आहे, लोकांनी बिनधास्त खर्च करावा. माझं डोकंच फिरलं!

"तात्पुरती कोणाले? इथं जुळलेली लग्नं मोडून राह्यली, धडधाकट पोरं तोंड लपवून राह्यले! भरतीले पैसे नाई, अन् सगळं मस्त आहे म्हणून चौकाचौकात बोर्ड लावाले आहेत?"

नवरा म्हणाला, "अगं, त्याले ऐकू नाई जात."

"म्हणूनच तं चिडली मी!"

*

शेवटी प्राजक्ताचे बाबा आलेच. सोयरीक मोडायची म्हणजे साक्षगंधात आलेलं सगळं परत करायचं, आणि ते मध्यस्थाच्या हातून. मध्यस्थ मी! त्यांनी अंगठीची डबी टेबलावर ठेवली. मग साडीची पिशवी उघडली. आत चादर!

"साडी कुठं गेली?" ते ओरडले.

तेवढ्यात साडी दारातून आत आली. प्राजक्ताच्या अंगावर! एका खाजगी दवाखान्यात ती लॅबमध्ये आहे, तिथूनच आली होती. डबीतली अंगठी काढून तिनं बोटात घातली.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता मोठेपणा दाखवायलाच हवा.

"प्राजक्ता, बाई, नीट विचार कर. पोरगा घरी बसून राह्यला. अजून वर्षभर नाई लागली नोकरी, तं काय करशीन?"

तिनं पदर सारखा केला.

"डबा घेऊन ड्युटीवर जाईन, काकू. पोळ्या येतात त्याले आता. नोकरीत होता तेव्हा येत नव्हत्या."