इंटरप्ट बंद होते, तरी प्रेस थांबली

आधीच सांगते, मी या सगळ्यातली नाही. आमच्या दारावर लिंबू-मिरची टांगायला घरात विरोध करणारी एकटी मीच. या ग्रुपवरचे असले गूढ अनुभव वर्षभर वाचतेय आणि खरं सांगू, बऱ्याचदा मनात "अहो, वायरिंग चेक करा!" एवढंच म्हटलंय. पण मी जे लिहिणार आहे त्यात वायरिंग पण चेक केली, कोड पण चेक केला... आणि तीन वर्षं झाली तरी आठवलं की अंगावर काटा येतो. भीतीचा नाही, वेगळाच. वाचा आणि तुम्हीच सांगा.

मी पुंडलिकनगरला राहते. मशीनच्या कंट्रोलरमध्ये जी छोटीशी ऑपरेटिंग सिस्टीम असते ना, तिचा गाभा, म्हणजे कर्नल लिहिते. एका कारखान्यातल्या पत्र्याच्या प्रेससाठी आम्ही नवा कंट्रोलर केला होता. जागा चिकलठाण्याची एक शेड, एप्रिल महिना, दुपारचे सव्वातीन. आम्ही तिघं होतो. मी, हार्डवेअर बघणारा इम्रान (हा सिल्लोडचा), आणि कचरूमामा. मामा पडेगावचे. वडील मेंढरं राखायचे, मामांनी मात्र वीस वर्षं प्रेसच चालवली. दहाच्या दहा बोटं शाबूत, याचा त्यांना फार अभिमान.

आता थोडं तांत्रिक, पण सोपं आहे. इंटरप्ट म्हणजे प्रोसेसरला मारलेली हाक. प्रेससमोर प्रकाशकिरणांचा एक पडदा असतो. त्यात हात गेला की सेन्सर हाक मारतो, प्रोसेसर चालू काम सोडून आधी प्रेस थांबवतो. पण काही कामं इतकी नाजूक असतात की मध्येच सोडली तर सगळाच घोळ. तेवढ्यापुरत्या सगळ्या हाका बंद ठेवायच्या, याला मास्क करणं म्हणतात. नियम एकच — काम संपलं की लगेच चालू करायच्या. विसरलं, तर सेन्सर कितीही ओरडू दे, ऐकणारं कुणी नाही.

त्या दुपारी आम्हाला बघायचं होतं की आमचं सॉफ्टवेअर किती झटपट थांबवतं. म्हणून प्रेसचा जुना सुरक्षा रिले, म्हणजे पडद्यात हात गेला की सॉफ्टवेअरला न विचारता थेट प्रेस थांबवणारा स्विच, मीच काढायला लावला होता. हो, मीच. प्रेस ऑटोवर, पत्रे आपोआप आत जातायत, मामा नुसते बाजूला उभे.

"मामा, आज हात लावायचा नाही हं," मी बजावलं होतं.

"नाय लावत, ताई. म्या बघतो फकस्त."

आणि एक पत्रा तिरपा आला. वीस वर्षांची सवय हो... मामांचा उजवा हात तो सरळ करायला आत गेला. वरून पत्रा दाबणारा जड ठोकळा, रॅम, खाली येत होता.

रॅम थांबला! मामांच्या मनगटापासून चार बोटं वर!

इम्राननं धावत जाऊन मेन स्विच पाडला. मामांनी हात बाहेर काढला, उलटा-सुलटा करून बघितला आणि मटकन खाली बसले. "व्हय... हाय की," एवढंच म्हणाले. मग मी रडले, हसले, इम्रानला टाळी दिली. आमचं कर्नल चाललं! माझ्या कोडनं एका माणसाचा हात वाचवला! त्या दहा मिनिटांत मी हवेत होते.

मग इम्राननं लॉग, म्हणजे कंट्रोलरनं क्षणाक्षणाला ठेवलेली नोंद, उघडला.

"म्याडम, इधर आव. जल्दी."

"काय झालं?"

"ये तो मास्क था. सब इंटरप्ट बंद."

मी त्याला बाजूला सारून स्वतः बसले. पत्रा तिरपा यायच्या चाळीस सेकंद आधी वेगाच्या हिशोबात शून्यानं भागाकार झाला होता. अशा चुकीला एक्सेप्शन म्हणतात. ती सांभाळणारा कोड मी लिहिलेला. त्यात शिरताना मी इंटरप्ट बंद केले होते, आणि बाहेर पडायच्या दोन वाटांपैकी एका वाटेवर ते परत चालू करायला विसरले होते. म्हणजे चाळीस सेकंद आमची प्रेस ठार बहिरी होती. पडद्याची हाक आल्याची नोंद होती, पण ती तशीच पडून. तिला उत्तर देणारं फंक्शन एकदाही चाललं नव्हतं!

आणि तरी लॉगमध्ये प्रेसचं आउटपुट एकचं शून्य झालेलं, म्हणजे आमच्या कंट्रोलरनंच प्रेसला थांबायला सांगितलेलं. प्रेस ऑटोवर असताना ते शून्य करणारी ओळ अख्ख्या कोडमध्ये एकच होती — त्याच न चाललेल्या फंक्शनमध्ये.

वायर ढिली असेल? मग लॉगमध्ये आउटपुट 'एक'वरच राहिलं असतं, प्रेस फक्त बाहेरून थांबली असती. वीज दबली असेल? सप्लायची नोंद सरळ रेष. इम्राननं व्हॉल्व्ह खोलला, बोर्ड बदलून बघितला, परत तोच लावला. मग आम्ही बाजारातून दुधी भोपळे आणले. तीच चूक मुद्दाम घडवायची, इंटरप्ट बंद करायचे, आणि हाताच्या जागी दुधी. अकरा वेळा केलं. अकराही दुधींचा चेंदामेंदा. एकदाही, एकदाही प्रेस थांबली नाही. अकराव्याला इम्रान बाहेर जाऊन उभा राहिला, मला पण तिथं बसवेना. ते दुधी मला दुधी दिसतच नव्हते.

दुसऱ्या दिवशी मामांना सगळं सांगितलं. चूक माझी, रिले मी काढायला लावला, आणि प्रेस थांबायलाच नको होती, हे पण. वाटलं चिडतील. ते शांतपणे तंबाखू मळत होते.

"मंग थांबवली कुणी?"

"माहीत नाही, मामा."

"तुमाला नाय माहीत?" त्यांना त्याचीच गंमत वाटली. "एवढ्या शिकल्या ताई तुमी!" आणि हसायलाच लागले. मला पण हसू आलं, डोळ्यांत पाणी असताना.

रिले त्याच दिवशी परत लावला, परत कधी काढू दिला नाही. ती विसरलेली ओळ कोडमध्ये टाकली. मग कारखान्यासाठी रिपोर्ट लिहायचा होता. इम्रान म्हणाला, "म्याडम, लिख दो ना, सॉफ्टवेअर ने रोका. कौन पूछता?" खरंच कुणी विचारलं नसतं, उलट कौतुक झालं असतं. मी माझी चूक अक्षरन् अक्षर लिहिली. फॉर्मच्या खाली एक रकाना होता — मशीन थांबण्याचं कारण. मग तिथं "माहीत नाही" लिहिलं आणि खाली सही केली.

इम्राननं ते वाचलं, माझ्या हातातून पेन घेतलं, आणि माझ्या सहीखाली त्याची पण केली.