‘लिहून द्या’ म्हणणारे साहेब

पेनचं टोपण काढायचं, ते पेनच्या मागच्या टोकाला बसवायचं आणि पेन समोरच्या माणसापुढे आडवं ठेवायचं. मग म्हणायचं, "लिहून द्या." आमच्या साहेबांचं बोलणं बहुतेक वेळा इथंच सुरू व्हायचं आणि इथंच संपायचं.

साहेब म्हणजे नागपूरबाहेर संरक्षण खात्याचा जो कारखाना आहे, तिथले सुरक्षा अधिकारी. कारखान्यात काय बनतं ते मी सांगणार नाही, साहेबांचं नावही सांगणार नाही. न सांगण्याचं शिक्षण मला त्यांनीच दिलंय. मी त्यांच्या शाखेत लिपिक.

पहिल्याच दिवशी मी मान ताठ करून सांगितलं, "सर, मी आमच्या घरातली पहिली ग्रॅज्युएट." माझे बाबा हिंगण्याला एका कंपनीत पाळीवर मशीन चालवायचे, आई दुसऱ्यांच्या घरी पोळ्या करायची. त्यामुळे हे वाक्य मी त्या वर्षी भेटेल त्याला सांगत होते, भाजीवाल्यालासुद्धा. साहेबांनी पेन पुढे ठेवलं.

"लिहून द्या."

"काय लिहू सर?"

"घरात कोण कोण आहे, कोण कुठं कामाला आहे, परदेशात कोणी आहे का. अन् ते ग्रॅज्युएटचंही लिहा, लिहायचंच असेल तर."

मी सगळं लिहिलं. त्यांनी वाचलं, सही केली आणि फाईल बंद करता करता म्हणाले, "मीपण. आमच्या घरातला पहिला." तेव्हापासून माझं नाव ग्रॅज्युएट. "अहो ग्रॅज्युएट, चहा आला का?" दुसऱ्या कोणी ऑफिसात मला तशी हाक मारली की मात्र ते मान वर करून बघायचे. मग तो माणूस मला मॅडम म्हणायचा.

आमच्याकडे नियम साधा होता. कुठल्याही परदेशी किंवा परदेशात राहणाऱ्या माणसाशी बोलणं झालं, भेट झाली, फोन झाला, की कामाच्या पुढच्या दिवशी येऊन लिहून द्यायचं. ओळख नेहमीची असेल तर परवानगीसाठी अर्ज वर जायचा, आणि परवानगी येईपर्यंत सगळं बंद. तुमच्यापैकी कोणी अशा ठिकाणी काम केलं असेल तर तुम्हाला माहीत असेल, नियम माहीत असणं वेगळं आणि तो पाळून घेणारा माणूस समोर बसलेला असणं वेगळं. गेटवरच्या एका शिपायानं रेल्वे स्टेशनवर एका गोऱ्या माणसाला रिक्षाचा स्टँड दाखवला, तेही लिहून घेतलं होतं साहेबांनी.

कँटीनमधल्या एका चहाटळ माणसानं एकदा मुद्दाम कागद आणून दिला. त्यात लिहिलं होतं, काल माझ्या स्वप्नात विदेशी बाई आली होती. सगळे खिडकीतून बघत उभे. साहेबांनी पूर्ण वाचलं.

"बोलणं झालं का?"

"नाही साहेब."

"मग नाही लागत," म्हणाले, आणि कागद परत दिला. पुढं पंधरवडाभर त्या माणसाला सगळे विचारत होते, "काय बे, बोलली का मग?"

पण नियम सगळ्यांनाच हसू येईल असा नव्हता. लेथवरच्या आमच्या एका टर्नरची बहीण नर्स होती, आखातात नोकरीला गेली. त्यानं प्रामाणिकपणे लिहून दिलं. साहेबांनी अर्ज वर पाठवला आणि त्याला सांगितलं, परवानगी येईपर्यंत फोन बंद. परवानगी यायला वर्षाहून जास्त लागलं. मधल्या काळात बहिणीला मुलगा झाला. टर्नरनं भाच्याचं तोंड पाहिलं तेव्हा भाचा भिंत धरून चालत होता. तो दर आठवड्याला येऊन विचारायचा, "आलं का साहेब?" साहेब म्हणायचे, "नाही आलं." एवढंच. ते स्वतः वर फोन करून मागे लागायचे हे मला दिसायचं, पण त्याला कधी सांगितलं नाही.

मग साहेबांची बढती आली. बढतीआधी नव्यानं पडताळणी होते. दिल्लीहून दोन अधिकारी आले, आणि जबाब लिहायला मला बसवलं. सगळं रीतीनं चाललं होतं. शेवटी त्यांनी फोन मागितला. साहेबांनी फोनचं लॉक उघडून तो टेबलावर ठेवला, पेन ठेवायचे तसाच, आडवा.

एकानं बोट सरकवत सरकवत विचारलं, "ये थाईलैंड का नंबर किसका है? हर इतवार को?"

"मौसी का."

"सगी मौसी?"

"नहीं."

माझं पेन थांबलं. साहेब माझ्याकडे न बघता म्हणाले, "लिहा ग्रॅज्युएट. थांबू नका."

मग त्यांनी जे सांगितलं ते मी लिहिलं. साहेबांची आई लहानपणी बापाच्या खांद्यावर बसून दीक्षेला गेलेली. त्यानंतर दरवर्षी दसऱ्याला दीक्षाभूमीवर येणाऱ्या लोकांना त्यांच्या वस्तीतर्फे जेवण वाढायचं काम ती करत आली. एका वर्षी तिथं थायलंडहून आलेल्या यात्रेकरूंमधली एक बाई भेटली. गर्दीत तिच्या चपला हरवल्या होत्या, तळपायाला फोड आले होते. साहेबांच्या आईनं तिला ऑटोत घातलं आणि सरळ नंदनवनला घरी आणलं. पाय धुतले, हळद लावली, स्वतःच्या चपला दिल्या. दोघींना एकमेकींचा एक शब्द कळत नव्हता. पुढच्या वर्षी ती बाई नव्या चपला घेऊन परत आली. नंतर काही वर्षं येत राहिली. मग तिचे गुडघे गेले, येणं थांबलं आणि रविवारचा व्हिडिओ फोन सुरू झाला.

"आपने कभी डिक्लेयर नहीं किया?"

"नहीं किया."

"क्यों?"

"गलती मेरी है," साहेब म्हणाले.

ते दोघं जेवायला गेले. चौकशीला हजर असलेले कारखान्याचे मोठे साहेब खोलीतच थांबले. त्यांचा आमच्या साहेबांवर जीव होता. त्यांनी दार लावलं, खिशातलं पेन काढलं, टोपण उघडून साहेबांपुढे ठेवलं.

"हे बघा, फोन तुमचा आहे, पण वापरायची आई. तुम्ही रविवारी बाहेर असायचे, तुम्हाला काही माहीत नव्हतं. एवढंच लिहून द्या. बाकी मी सांभाळतो."

साहेबांनी ते पेन हातात घेतलं. मी मनात म्हटलं, लिहा साहेब. आता तरी लिहा.

"मग हे लोक घरी येतील," साहेब म्हणाले. "आईला विचारतील."

"दोन प्रश्न विचारतील. म्हाताऱ्या बाईला कोण काय करणार आहे?"

"ती खरं तेच सांगेल, पोरगाच फोन धरून देते म्हणून. मी खोटा ठरीन, त्याचं काही नाही. पण तिला वाटेल, आपण पाहुणीशी बोललो तो गुन्हा होता."

त्यांनी मोठ्या साहेबांच्या पेनला टोपण लावलं आणि ते परत केलं. मग स्वतःचं पेन काढलं, माझ्याकडून कोरा कागद मागून घेतला आणि राजीनामा लिहिला. अक्षर नेहमीसारखंच होतं, शिरोरेघ पट्टीनं मारल्यासारखी. चौकशी करणाऱ्यांनी नंतर लिहिलं की गुपित काही बाहेर गेलेलं नाही, गैरहेतू नाही. तरी राजीनामा मंजूर झाला. आणि तो मंजूर व्हायलाच हवा होता, असं साहेब स्वतःच म्हणायचे.

मी सरळ बोलणारी बाई आहे. संध्याकाळी व्हरांड्यात गाठून विचारलंच. "साहेब, साऱ्या दुनियेले लिहून द्या म्हणता. तुम्ही काहून नाही लिहून दिलं?" रागात घरची बोली तोंडात आली.

साहेब कठड्याला टेकले. "लिहून दिलं की बंद. परवानगी येईपर्यंत बंद. हे मीच लोकांना सांगत होतो ना? माझी आई पंचाहत्तरीच्या पुढची, ती बाईही तेवढीच. दर रविवारी वाटायचं, उद्या सोमवारी देऊ. मग सोमवारी वाटायचं, एक रविवार अजून होऊ दे." मग म्हणाले, "टर्नरला मी थांबवलं आणि मी स्वतः नाही थांबलो. माझ्या खुर्चीत बसून हे चालत नाही, ग्रॅज्युएट."

 

शेवटच्या दिवशी गेटवर त्यांची पिशवी तपासली. बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाची तपासायची, साहेबांचाच नियम. शिपाई लाजून नुसता हात फिरवत होता. "डबापण उघडून बघा," साहेब म्हणाले. डब्यात उरलेली अर्धी पोळी होती. मागच्या रांगेत टर्नर उभा होता. सगळ्यांना ऐकू जाईल असा बोलला, "आमच्या वेळेस नियम होता, अन् साहेबाच्या वेळेस माय होती. हाव का नाही गा?"

साहेब वळले, त्याच्यापुढे गेले.

"बरोबर आहे तुझं."

टर्नरला बहुतेक भांडण हवं होतं. त्यानं पायातल्या बुटाकडे पाहिलं, मग गेटकडे पाहिलं. साहेब रस्त्यावर पोचले तेव्हा मागून ओरडला, "साहेब! मायले नमस्कार सांगजा!"

त्यानंतर एका रविवारी मी नंदनवनला त्यांच्या घरी गेले. आई खुर्चीत, डोक्यावर पदर, समोर साहेब हात लांब करून फोन धरून उभे. फोनमध्ये पांढऱ्या आखूड केसांची, बोळक्या तोंडाची एक बाई हसत होती. आईनं परडीतलं जांभळं वांगं उचलून दाखवलं. पलीकडच्या बाईनं आपलं दाखवलं, तिकडं मिळतं तसं, हिरवं आणि लिंबाएवढं.

"कच्चंच हाय वं थे!" आई ओरडली. "काहून तोडलं इतक्या लवकर? वाढू द्या ना त्याले!"

पलीकडून तिच्या भाषेत तितक्याच जोरात उत्तर आलं. आई माझ्याकडे वळून म्हणाली, "पाह्य, ऐकतच नाही कोनाचं." साहेब त्या फोनमध्ये कधी दिसतच नसत. पडद्याच्या कोपऱ्यात फक्त त्यांचा अंगठा यायचा, नखाच्या कडेला शाईचा डाग असलेला.

फोन झाल्यावर आई मला म्हणाली, "पोरगा रिटायर झाला लवकर. बरं झालं बाई. आधी रविवारीपण घाईत राहे." साहेब चहा टाकायला आत गेले. आईला शेवटपर्यंत एवढंच माहीत होतं.

पुढच्या हिवाळ्यात आई गेली. मी भेटायला गेले तेव्हा साहेबांनी मला नवाकोरा पासपोर्ट दाखवला. आयुष्यात पहिला. सगळ्या कारखान्याच्या पासपोर्टच्या अर्जांवर शेरे मारणाऱ्या माणसानं स्वतःसाठी कधी अर्जच केला नव्हता.

"मावशीला फोनवर सांगता येत नाही," ते म्हणाले. "आई दिसली नाही की ती पडद्यात इकडं तिकडं शोधते. मी नुसता खुर्ची दाखवतो. समोर जाऊन सांगायला पाहिजे."

त्या बाईनं आणलेल्या चपला आईनं कधी पायात घातल्या नव्हत्या, पाहुणीचं देणं म्हणून फडताळात ठेवल्या होत्या. त्या त्यांनी पिशवीत भरल्या. दारापर्यंत सोडायला आले आणि म्हणाले, "तिकडून मी फोन करणार नाही हं. उगाच तुम्हाला लिहून द्यावं लागेल."

ते गेले. महिने झाले, आले नाहीत. नंदनवनच्या घराला कुलूप आहे. शेजारीण सांगते, म्हाताऱ्या बाईला बघायला कोणी नाही म्हणून तिकडंच राहिले आहेत.

गेल्या रविवारी, दुपारची जेवणं झाल्यावर, मीच फोन लावला. पडद्यावर आधी छत दिसलं, मग साहेबांचा आवाज आला. "ग्रॅज्युएट? अहो, उद्या लिहून द्यावं लागेल. माहीत आहे ना?"

"देते ना साहेब. तुम्ही आधी दाखवा तर."

फोन फिरला. खुर्चीत ती बाई बसली होती, आणखी बारीक झालेली. पायात तिनंच आणलेल्या, आईनं न घातलेल्या चपला. मी कोण ते तिला कळलं की नाही कोण जाणे. ओट्यावर भाजी पडली होती, त्यातलं एक वांगं उचलून मी दाखवलं. ती एकदम खुर्चीत पुढे सरकली, जोरजोरात काहीतरी बोलली आणि डोळे पुसू लागली. फोन जरा हलला. मग पडद्याच्या कोपऱ्यात अंगठा नीट बसला आणि फोन स्थिर झाला.

सोमवारी मी नव्या साहेबांसमोर कागद ठेवला. कोणाशी बोलले, कुठं, किती वेळ, सगळं खरं लिहिलं होतं. संभाषणाचा विषय: वांगी. त्यांनी दोनदा वाचलं.

"मॅडम, या बाईला मराठी येतं?"

"नाही."

"तुम्हाला त्यांची भाषा?"

"नाही."

"मग तिकडून फोन कोणी धरला होता?"

"आमच्या साहेबांनी," मी म्हटलं, आणि पेनला टोपण लावलं.