कुलाब्याच्या यादीत मी नाय

मंडळी, मी सांगतेय आणि नात टाईप करतेय.

मतदारयादीवाल्या बाई आल्या होत्या. म्हणाल्या, "आजी, जुन्या यादीतलं नाव दाखवा, नायतर आताचं कटेल." जुनी यादी म्हणजे आपला मतदारसंघ कुलाबा होता तेव्हाची. आता तो रायगड झालाय.

नातीनं मोबाईलवर यादी वाचली. आमचे हे सापडले. त्यांच्या खाली बायकोचं नाव द्वारका. ही ह्यांची पहिली बायको. ती वारल्यावर मी रोह्याहून लग्न करून पेणला आले. माझं नाव आताच्या यादीत हाय, त्या जुन्या यादीत कुठंच नाय.

"आजी गो, मग तू तेव्हा मत कोणाच्या नावानं दिलंस?"

मला काय ठाऊक! अक्षर येत नाय. सासूबाई मलाही द्वारकाच म्हणायच्या. बूथवर तेच नाव पुकारलं, की मी "व्हय" म्हणायची आणि अंगठा उठवायची. म्हणजे कुलाब्याचे खासदार माझ्या सवतीनं निवडले! एकानं आमच्या ओटीवर चहा घेतला, एकानं जीपमधूनच हात जोडले. सगळे तिचेच.

हसले, पण बाई उद्या परत येणार. खरं सांगितलं तर गुन्हा होईल, गप्प राहिले तर माझं नाव जाईल. तुम्ही काय केलं असतं?